कॅम्पबेल आडनाव: कुठून आलं, कुठे पसरलं, कुणाकुणाला चिकटलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरवर कॅम्पबेल, १८५७ च्या लखनौत कॅम्पबेल, वेस्ट इंडीजच्या सलामीला कॅम्पबेल, सुपाच्या डब्यावरही कॅम्पबेल. हे सगळे एकमेकांचे कोण लागतात, हा प्रश्न साहजिक आहे. बहुतेकदा कोणीच नाही. का, ते पुढे येईलच.

हे आडनाव मूळचं कुठलं?

स्कॉटलंडचं. त्यातही पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्गाइल प्रांताचं. समुद्राचे लांब फाटे जमिनीत घुसलेले, मध्ये डोंगर आणि गोड्या पाण्याची सरोवरं, असा हा मुलूख. त्यातल्या लॉख ऑ नावाच्या लांबट सरोवराकाठी या घराण्याने पाय रोवले. सरोवरातल्या एका बेटावर इनिस कॉनेल नावाचा त्यांचा जुना किल्ला होता, त्याचे अवशेष आजही आहेत.

कागदोपत्री मात्र पहिला कॅम्पबेल आर्गाइलमध्ये सापडत नाही. १२६३ च्या नोंदीत गिलेस्पी कॅम्पबेल नावाचा माणूस दिसतो, तो स्टर्लिंगच्या बाजूच्या जमिनींच्या संदर्भात. त्याचा मुलगा कॉलिन, म्हणजे गेलिकमधला (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतला) ‘कालेन मोर’, थोरला कॉलिन. १२९० च्या दशकात शेजारच्या मॅकडूगल घराण्याशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. तेव्हापासून आजतागायत घराण्याच्या प्रमुखाला गेलिकमध्ये ‘मॅक कालेन मोर’, थोरल्या कॉलिनचा पुत्र, असंच म्हणतात. ड्यूक असला तरी मान या नावाचा.

अर्थ काय?

वाकडतोंड्या. गेलिकमध्ये ‘काम’ म्हणजे वाकडं आणि ‘बेउल’ म्हणजे तोंड. कुणा पूर्वजाचं तोंड वाकडं असावं, लोकांनी नाव ठेवलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. वाकडे, बोबडे, बहिरट ही आडनावं ज्यांच्या शेजारीपाजारी आहेत त्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

नवल वाटलं ते पुढच्या कॅम्पबेलांना. घराणं मोठं झालं, दरबारात वावरू लागलं, तशी वाकड्या तोंडाची अडचण व्हायला लागली. मग लॅटिनमधून ‘काम्पो बेलो’, सुंदर मैदान, अशी व्युत्पत्ती पुढे आली आणि नॉर्मन सरदाराची कथा तिला जोडली गेली. जुन्या कागदांत आडनाव ‘कॅम्बेल’ असंच लिहिलेलं आहे. मधला ‘प’ नंतर आला आणि त्यामागे या सुंदर मैदानाचा हात असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. नॉर्मन कथा आता कुणी गांभीर्याने घेत नाही. गेलिकमध्ये आजही ‘काइम्बेउल’ लिहितात, तिथे मैदानबिदान काही नाही.

मग उच्चार कॅम्पबेल की कॅम्बल?

इंग्रजी बोलणारे ‘कॅम्बल’ म्हणतात, ‘प’ गिळून. मराठीत छापताना ‘कॅम्पबेल’ रुळलं आहे. तेच इथे ठेवलं आहे.

वंशावळीत तर राजा आर्थरपर्यंत नावं आहेत. ती खरी का?

जुन्या वंशावळींत आर्थरही आहे आणि आयरिश पुराणकथांमधला वीर डिअर्मिडही. डिअर्मिडने जंगली डुक्कर मारलं आणि त्याच्याच विषारी केसाने तो मेला, अशी कथा आहे. घराण्याच्या चिन्हावरचं रानडुकराचं डोकं तिच्याशी जोडतात. पुराणकथा म्हणून वाचावं, पुरावा म्हणून नाही. पण आर्थर हे नाव तिथे का यावं, यावर अभ्यासकांनी विचार केला आहे. हे घराणं मुळात गेलिक भाषकांचं नसून क्लाइड नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या ब्रिटन लोकांपैकी असावं, असं एक मत आहे. तसं असेल तर नंतर गेलिक जगाचे सर्वांत बलाढ्य सरदार झालेले हे लोक तिथे बाहेरून आले होते!

सगळे कॅम्पबेल एकाच पूर्वजाचे वंशज आहेत का?

नाहीत. जवळजवळ प्रत्येक गैरसमज इथूनच सुरू होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

‘क्लॅन’चा शब्दशः अर्थ संतती असला तरी प्रत्यक्षात क्लॅन म्हणजे एका सरदाराच्या छायेत राहणारी माणसं. त्यात त्याचे भाऊबंद असत, कुळं असत, आश्रयाला आलेली लहान घराणी असत. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, सामान्य शेतकऱ्याला सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत कायमचं आडनाव असेच असं नाही. तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. जमीनदाराचा कारकून खंडाची यादी करायला बसला की आडनावाच्या रकान्यात काहीतरी भरावं लागे, आणि जमीन कॅम्पबेलांची असेल तर ‘कॅम्पबेल’ लिहिणं दोघांच्याही सोयीचं होतं. मॅकआयव्हर, मॅकआर्थर अशी शेजारची घराणीही कॅम्पबेलांच्या छत्राखाली आली आणि त्यांच्यातल्या काहींनी तेच नाव लावलं.

काहींवर ते लावायची वेळ आली. मॅकग्रेगर घराण्याचं नाव १६०३ मध्ये राजाज्ञेने बेकायदा ठरलं. मॅकग्रेगर म्हणवून घेतलं तर जीव जाई. मग हे लोक दुसरी आडनावं घेऊन जगले आणि त्यांतलं एक कॅम्पबेल, म्हणजे ज्यांनी त्यांच्या जमिनी गिळल्या त्यांचंच. बंदी मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर आईचं आडनाव लावून रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून सह्या करत असे. बंदी उठल्यावर सगळे मूळ नावावर परतले असं नाही. दोन-तीन पिढ्या गेल्या की लावलेलं नावच आपलं वाटायला लागतं.

आणि मग सर कॉलिन कॅम्पबेल. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीतून वेढ्यातली माणसं सोडवणारा आणि डिसेंबरात कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव करणारा हा सेनापती जन्माने कॅम्पबेल नव्हताच. ग्लासगोच्या मॅकलिव्हर नावाच्या सुताराचा तो मुलगा. आई कॅम्पबेल होती. लष्करातला मामा त्याला पलटणीत नोकरी मिळवून द्यायला घेऊन गेला, तेव्हा सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्कने ‘हा आणखी एक कॅम्पबेल’ असं गृहीत धरून नाव लिहून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत झालेली असेल, पण मॅकलिव्हरचा कॅम्पबेल झाला हे पक्कं. पुढे तो लॉर्ड क्लाइड झाला.

उलट दिशेनेही झालं. १९०५ ते १९०८ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन हे मूळचे नुसते कॅम्पबेल. मामाची इस्टेट हवी तर मामाचं आडनाव लावायचं, अशी मृत्युपत्रात अट होती. त्यांनी लावलं, पण कुरकुरत.

एवढं एकच घराणं इतकं कसं वाढलं?

योग्य वेळी योग्य राजाची बाजू घेतली म्हणून. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्रूसचं पारडं हलकं होतं तेव्हा नील कॅम्पबेल त्याच्या बाजूने उभा राहिला. ब्रूस जिंकला, नीलला राजाची बहीण मेरी बायको म्हणून मिळाली, आणि विरोधात गेलेल्या मॅकडूगलांच्या जमिनी हळूहळू इकडे सरकल्या. १४४५ मध्ये लॉर्ड, १४५७ मध्ये अर्ल ऑफ आर्गाइल, १७०१ मध्ये ड्यूक. मॅकडोनाल्डांची बेटांवरची सत्ता राजाने १४९३ मध्ये मोडली. त्या पोकळीत शिरायला कॅम्पबेल तयारच होते.

त्यांचं खरं हत्यार मात्र तलवार नव्हे, कागद. सनदा, गहाणखतं, लग्नाचे करार आणि एडिंबरोच्या कोर्टातले दावे यांत हे लोक इतर हायलँड सरदारांच्या कितीतरी पुढे होते. लग्नाचा करार कुठवर जाई, याचा नमुना कॉडर घराण्याची वारस म्युरिअल. लहानपणीच तिला कॅम्पबेलांनी उचलून नेलं आणि १५१० मध्ये अर्लच्या धाकट्या मुलाशी तिचं लग्न लावलं. मुलगी वाटेत मेली तर काय, असं विचारल्यावर ‘लॉख ऑच्या काठी लाल केसांची एक पोर आहे तोवर ती मरायची नाही’ असं उत्तर मिळालं, अशी दंतकथा आहे. कॉडरचे कॅम्पबेल ते हेच.

बाजू चुकली की किंमतही मोजावी लागली. १६६१ मध्ये मार्क्विस ऑफ आर्गाइलचं आणि १६८५ मध्ये त्याच्या मुलाचं डोकं एडिंबरोत उडवलं गेलं.

ग्लेनकोमध्ये कॅम्पबेलांनी मॅकडोनाल्डांना मारलं, हे खरं ना?

अर्धवट खरं. ग्लेनकोच्या एका खाणावळीत ‘फेरीवाल्यांना आणि कॅम्पबेलांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. पर्यटक तिचे फोटो काढतात आणि तेवढाच इतिहास घेऊन परततात.

झालं असं. राजा तिसरा विल्यम याने हायलँड सरदारांना १ जानेवारी १६९२ पूर्वी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. ग्लेनकोच्या मॅकडोनाल्डांचा म्हातारा प्रमुख मॅकइयन अगदी शेवटी फोर्ट विल्यमला पोचला. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं की शपथ द्यायचा अधिकार मला नाही, आर्गाइलमधल्या इनव्हरेरीला जा. म्हातारा बर्फातून इनव्हरेरीला गेला. ६ जानेवारीला त्याला शपथ दिली ती आर्डकिंग्लासच्या कॉलिन कॅम्पबेलने. म्हणजे या प्रकरणात त्याला वाचवायचा प्रयत्न करणाराही एक कॅम्पबेल होता. पण एडिंबरोत उशिराची शपथ धरली गेली नाही. स्कॉटलंडचा कारभार पाहणारा मंत्री जॉन डॅलरिंपल याला एखाद्या घराण्याला जरब बसवायचीच होती आणि आदेशावर राजाची सही होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे १२० सैनिक ग्लेनकोत मुक्कामाला आले. कप्तान होता ग्लेनलायनचा रॉबर्ट कॅम्पबेल, कर्जात बुडालेला, पत्त्यांचा आणि दारूचा शौकीन. दोनेक आठवडे त्यांनी मॅकडोनाल्डांच्या घरी खाल्लं-प्यायलं आणि १३ फेब्रुवारीला पहाटे यजमानांवर हत्यारं चालवली. अडतीसेक माणसं मारली गेली. पळालेल्यांपैकी अनेक थंडीने गेली. हायलँड्समध्ये माणसं मारणं नवं नव्हतं. अन्न खाऊन मारणं, हे मात्र आजही माफ झालेलं नाही.

पलटण अर्ल ऑफ आर्गाइलची होती, पण ती राजाच्या फौजेची सरकारी पलटण. तिच्यातले सगळे सैनिक कॅम्पबेल नव्हते. घराण्यांचं वैर जुनं होतंच, त्यामुळे सरकारी कत्तलीचं पाप एका आडनावावर ढकलणं लोकांना सोपं गेलं. डॅलरिंपल आडनावाच्या माणसाला मनाई करणारी पाटी त्या खाणावळीत नाही.

आयर्लंडमधले कॅम्पबेल स्कॉटलंडहून गेलेले का?

बरेचसे हो. सतराव्या शतकात अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, स्कॉटिश वसाहती झाल्या तेव्हा गेलेले. आज उत्तर आयर्लंडमधल्या सर्वांत सामान्य आडनावांत कॅम्पबेल येतं. पण टिरोन परगण्यात मॅक कॅह्‌विल अशा उच्चाराचं एक जुनं आयरिश घराणं होतं. इंग्रजी कारभारात त्यांच्या काही शाखांचं नाव ‘कॅम्पबेल’ असं लिहिलं गेलं, कारण लिहिणाऱ्याला तेच ओळखीचं होतं. त्यांचा आर्गाइलशी काडीचा संबंध नाही. त्यामुळे टिरोनमधल्या कॅथलिक कॅम्पबेलाने आर्गाइलमध्ये पूर्वज शोधण्याआधी दोनदा विचार करावा.

वेस्ट इंडीजच्या क्रिकेटपटूंचं आडनाव स्कॉटिश कसं?

ऑक्टोबर २०२५ च्या दिल्ली कसोटीत भारताविरुद्ध शतक ठोकणारा जॉन कॅम्पबेल जमैकाचा. त्याच्या आधी सलामीला येणारा शेर्विन कॅम्पबेल बार्बाडोसचा. इंग्लंडचा फुटबॉलपटू सोल कॅम्पबेल याचे आईवडील जमैकाचे. याचं कारण ऊस आणि गुलामगिरी.

१६९८ मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या डॅरिएनमध्ये वसाहत करायचा घाट घातला, तो दोन वर्षांत कोसळला. तिथून वाचलेल्यांपैकी जॉन कॅम्पबेल नावाचा लष्करी अधिकारी १७०० च्या सुमारास जमैकात उतरला. तिथे त्याने मळे केले, पदं मिळवली आणि १७४० मध्ये तिथेच वारला. त्याच्यामागून आर्गाइलमधले भाऊबंद येत राहिले. जमीन मोठ्या मुलाला जाणार, मग धाकट्यांनी जमैका गाठायचं, असा शिरस्ताच पडला. कुणी मालक, कुणी मुकादम, कुणी हिशेबनीस. मळ्यांवर राबणारे आफ्रिकन गुलाम होते.

१८३४ मध्ये कायद्याने आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात गुलामगिरी संपली. बाप्तिस्म्याच्या वेळी किंवा मुक्तीनंतर लोकांच्या नावापुढे जी आडनावं लागली त्यांत मळ्याच्या मालकाचं, मुकादमाचं किंवा गोऱ्या बापाचं आडनाव असे. जन्माने बाप असला तरी तो वागण्याने क्वचितच बाप होता. आज कॅम्पबेल हे जमैकातल्या सर्वांत सामान्य आडनावांपैकी एक आहे. स्कॉटलंडमध्ये कॅम्पबेल आडनावाची चर्चा किल्ले आणि टार्टनवर (घराण्याच्या चौकटीदार कापडावर) थांबते, हे मला खटकतं. जमैका हा या आडनावाच्या इतिहासातला मोठा अध्याय आहे.

१९९९ च्या विश्वचषकात लेस्टरला भारताला ३ धावांनी हरवणाऱ्या झिम्बाब्वेचा कर्णधार अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल मात्र गोरा. तो वेगळ्या वाटेने आलेला कॅम्पबेल.

आज कॅम्पबेल किती आणि कुठे आहेत?

स्कॉटलंडमध्ये हे आडनाव बराच काळ पहिल्या दहाच्या आसपास राहिलं आहे. तिथे त्याच्या बरोबरीने स्मिथ, ब्राऊन, विल्सन ही आडनावं दिसतात. ती धंद्यावरून, रंगावरून, बापाच्या नावावरून पडलेली, त्यामुळे ठिकठिकाणी आपोआप उगवलेली. एका घराण्याचं नाव त्यांच्या पंगतीला बसणं विशेष आहे.

सर्वांत जास्त कॅम्पबेल अमेरिकेत आहेत. २०१० च्या जनगणनेत ३,८६,१५७ माणसांचं हे आडनाव होतं आणि क्रमांक ४७ वा. त्यांतला साधारण पाचातला एक कृष्णवर्णीय. १७३९ मध्ये आर्गाइलमधून एक मोठा जथा उत्तर कॅरोलायनातल्या केप फिअर नदीकाठी उतरला होता. तिथे कॅम्पबेलटन नावाचं गाव वसलं, तेच आजच्या फेएटव्हिल शहराचा भाग आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही संख्या भरपूर आहे.

भारताशी, महाराष्ट्राशी संबंध?

ईस्ट इंडिया कंपनीत स्कॉट लोकांचा भरणा होताच, त्यामुळे कॅम्पबेल सापडतील तितके. आठवा ड्यूक ऑफ आर्गाइल १८६८ ते १८७४ भारतमंत्री होता. आयला बेटावरचा डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्पबेल दार्जिलिंगचा कारभार पाहत असे. १८४१ च्या सुमारास त्याने तिथे आपल्या बंगल्याच्या आवारात चहाचं बी पेरून पाहिलं. दार्जिलिंग चहाची सुरुवात तिथली.

मराठी अभ्यासकाला सर्वांत जवळचा कॅम्पबेल म्हणजे जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा संकलक. १८७७ पासून हे खंड निघू लागले. पुणे, सातारा, रत्नागिरी, ठाणे, नाशिक, कुठल्याही जिल्ह्याचा खंड उघडा: घाटवाटा, आठवडी बाजार, बलुतेदार, मोटेचे बैल, लग्नातले विधी, सगळं बारकाईने टिपलेलं. जातींची वर्णनं वाचताना साहेबी चष्मा डोळ्यांवर येतोच, ते गाळून घ्यावं लागतं. माहिती गोळा करण्यात स्थानिक कारकून-मामलेदारांचा हात मोठा होता, मुखपृष्ठावर नाव मात्र कॅम्पबेलचं. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबईच्या प्लेग समितीचं अध्यक्षपदही पुढे त्याच्याकडे आलं.

आडनावावरून पडलेली गावं?

स्कॉटलंडमधलं कॅम्पबेलटाऊन किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाला आहे, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध. सिडनीजवळचं कॅम्पबेलटाऊन वेगळं. गव्हर्नर मक्वारीने १८२० मध्ये बायकोच्या माहेरच्या आडनावावरून ते नाव दिलं.

सुपाचे डबे त्यांचेच का?

नाही. ती कंपनी १८६९ मध्ये न्यू जर्सीत जोसेफ कॅम्पबेल नावाच्या फळविक्रेत्याने भागीदारीत सुरू केली. आर्गाइलच्या ड्यूकला त्यातून काही मिळत नाही.

कॅम्पबेल आडनाव असेल तर घराण्याचं चिन्ह वापरता येतं का?

स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह आडनावाचं नसतं, व्यक्तीचं असतं, आणि त्यावर लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या कोर्टाची देखरेख असते. बाकीच्यांनी रानडुकराच्या डोक्याभोवती पट्टा आणि बक्कल असलेला बिल्ला लावावा. त्यावर ‘विसरू नकोस’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद असतं. पर्यटकांच्या दुकानात ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ म्हणून जे फ्रेम करून विकतात, ते भिंतीवर शोभतं, एवढंच.

टार्टन गडद निळं-हिरवं, ‘ब्लॅक वॉच’ पलटणीसारखंच. १७२५ मध्ये उभ्या केलेल्या त्या सहा तुकड्यांपैकी तीन कॅम्पबेल कप्तानांच्या होत्या.

पूर्वज शोधायचे तर सुरुवात कुठून?

मागून पुढे नाही, आजपासून मागे. १२६३ च्या गिलेस्पीपासून खाली यायला निघालात तर हमखास चुकाल. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १८५५ मध्ये सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षाचे दाखले तपशिलाने भरलेले आहेत. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. एक मोठी सोय अशी की स्कॉटिश कागदांत आणि थडग्यांवर बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, त्यामुळे आईच्या बाजूने मागे जाता येतं. कॅम्पबेलांच्या बाबतीत ही बाजू फार उपयोगाची, कारण एकाच खेड्यात चार-चार जॉन कॅम्पबेल असतात आणि त्यांना वेगळं ओळखायचं ते बायकोच्या नावावरूनच. जनुकीय चाचणीत पुरुषवंशाची रेषा तपासली तर दोन कॅम्पबेल एकमेकांशी अजिबात न जुळणं नेहमीचंच आहे, त्याने दचकू नये.

मुंबई इलाख्यात वारलेल्या कॅम्पबेलचा शोध असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी इलाख्यानुसार लावलेल्या आहेत. शोधताना कॅम्बेल, कॅम्बल, कॅम्पबल अशी सगळी रूपं टाकून पाहा.